लोखंडाचा कान

आमच्या लोहारकामाच्या दुकानात एक नियम होता. ज्याने हत्यार घडवलं, त्याने त्यावर ठसा मारायचा नाही. बाबांचं म्हणणं असं, की आपला तो बाब्या आणि लोकांचं ते कार्टं. स्वतःच्या हातच्या वस्तूतला दोष माणसाला दिसतच नाही, मग तो कितीही प्रामाणिक असो. म्हणून बाबा घडवायचे आणि ठसा आई मारायची. आई गेल्यावर ते काम माझ्याकडे आलं. बाबा गेल्यावर भट्टीपुढे माझा थोरला भाऊ उभा राहिला, म्हणजे दादा, आणि ठसा माझ्याकडेच राहिला. असे आम्ही दोघं एकतीस वर्षं. माझं लग्न राहून गेलं, त्याची चर्चा लोकांनी भरपूर केलेली आहे, मी पुन्हा करत नाही.

ठसा म्हणजे बोटभर लांबीचा पोलादी खिळा. टोकाला तीन टिंबं, त्याखाली एक आडवी रेघ. पाणी दिल्यावर सुताराच्या पटाशीची धार कडक होते पण मागचा भाग जरा मऊ राहतो, तिथे तो मारायचा. मारण्याआधी हत्यार तपासायचं. मी ते दोऱ्याला टांगायची आणि पितळेच्या लहान हातोडीने एकदाच वाजवायची. चांगलं हत्यार सात मोजेपर्यंत वाजत राहतं. आत बारीक भेग असली, ती डोळ्याला दिसो न दिसो, आवाज घसा बसल्यासारखा येतो आणि तीनवरच विझतो. असं हत्यार मी काही न बोलता भट्टीच्या बाजूला ठेवून द्यायची. दादा चिडायचा. एकदा सांडशी भिंतीवर फेकली होती त्याने, त्या ठिकाणचा गिलावा अजून गेलेला आहे. पण संध्याकाळी जेवताना म्हणायचा, "बरोबर होतं तुझं, छोटे." बावन्न वर्षांची झाले तरी त्याला मी छोटीच.

आता मी काही स्वतःचीच आरती ओवाळत बसत नाही, पण गावात माझ्या कानाला मान होता. लोक आपली जुनी घमेली, घंटा, गाडीचे पाटे घेऊन यायचे, जरा वाजवून बघा म्हणून. एका बाईने तर जावयाने दिलेला पितळी हंडा आणला होता. तो अस्सल पितळेचा निघाला नाही, आणि त्या घरात त्यावरून जे काही झालं त्याचं पाप माझ्या माथी.

काळ बदलला तसं दुकानही बदललं. बाबांच्या वेळी गाड्यांच्या चाकांना लोखंडी धावा चढवायच्या, घोड्यांना नाल ठोकायचे. गाड्या गेल्या, घोडे गेले. मग ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्यांतून हत्यारं घडवणं सुरू झालं, आणि मधूनमधून फाटकं, खिडक्यांचे गज. चामड्याचा भाता जाऊन विजेचा पंखा आला. घण मारणारा आमचा माणूस समोरच्या वेल्डिंगच्या दुकानात गेला; तिकडे बसून काम, इकडे उभं राहून, त्याला तरी काय बोलणार. बाजारात कारखान्याच्या पटाश्या आल्या, लाल-पिवळ्या मुठींच्या, चार घेतल्या तर पाचवी फुकट. तरीसुद्धा ज्याला कामाची पारख आहे तो तीन टिंबं बघूनच घ्यायचा. बाजारातल्या मोठ्या दुकानदाराने तर आमच्या मालासाठी वेगळा खण ठेवला होता. मला वाटायचं, हे असंच चालेल. मी मूर्ख होते असं नाही, पण जे रोज चालतं ते उद्याही चालेल असं माणसाला वाटतंच.

गेल्या वर्षी मागच्या गल्लीतला सुतार दुकानात आला. डावा हात टॉवेलात गुंडाळलेला, टॉवेल लाल झालेला. बायको त्याला धरून होती. उजव्या हातात पटाशीचं पातं होतं, पटाशी बाजारातल्या त्याच खणातून घेतलेली. वरून ठोकताना ती मुठीपाशी तुटली, हात घसरला आणि पातं बोटांवरून गेलं. तो ओरडला नाही, शिव्या दिल्या नाहीत. पातं माझ्यापुढे धरून एवढंच विचारलं, "ताई, ही तुमचीच ना?"

मी पाहिलं. तीन टिंबं, खाली रेघ. मी हो म्हणाले.

माझी चूक ती. एकतीस वर्षांत ठसा म्हणजे मी, असं माझ्या डोक्यात इतकं पक्कं बसलं होतं, की ठसा दिसल्यावर मी लोखंडाकडे पाहिलंच नाही. दुसरं कुणीही असतं तर आधी तुटलेली जागा बघितली असती. मी फक्त टिंबं बघितली. दादाने पुढे होऊन पातं माझ्या हातातून घेतलं, उजेडाकडे वळवलं आणि म्हणाला, "आतून भेग होती." मग ते भंगाराच्या ढिगात टाकून तो सुताराला दवाखान्यात घेऊन गेला.

भेग होती. म्हणजे ती ऐकायचं काम माझं होतं.

सुताराची दोन बोटं वाचली, पण वाकेनात. आणि माझ्या मनात जो किडा शिरला तो शिरलाच. दुसऱ्या दिवशी मी हत्यारं टांगली आणि वाजवली, तर मला कशाचाच भरवसा वाटेना. सात मोजले तरी वाटायचं, हा नाद खरा आहे की माझ्या डोक्यातला? एकच पटाशी मी नऊ नऊ वेळा वाजवायची. वहिनी म्हणाली, वय झालं की कान जातात, त्यात एवढं काय. माणसांचं बोलणं मला स्वच्छ ऐकू येत होतं, पण माणसांचं ऐकू येणं वेगळं आणि लोखंडाचं वेगळं, अशी मी स्वतःची समजूत घातली. दवाखान्यात जाऊन कान तपासून घ्यायची हिंमत झाली नाही. नववा दिवस होता. मी ठसा दादाच्या तळहातावर ठेवला आणि म्हणाले, माझा कान गेला, आता तूच बघ.

तो खूप वेळ खाली मान घालून उभा होता. मला वाटलं, त्याला माझ्यासाठी वाईट वाटतंय. मीच त्याची समजूत काढली, पाठीवरून हात फिरवला. हे आठवलं की अजून अंगाची आग होते.

"तुझी मर्जी," तो म्हणाला.

गावात बातमी पसरायला असा कितीसा वेळ लागतो. लोक माझ्याशी जोरात बोलायला लागले. प्रेमानेच, त्यांना दोष नाही. किराणावाला हातवारे करून भाव सांगायचा. वहिनी तर चहा झाला हे असं सांगायची, की चार घरं पलीकडच्यांनीही कप पुढे करावेत. सुरुवातीला मी म्हणायची, अहो, एवढं नाही, मला ऐकू येतं. मग सोडून दिलं. ज्याचा कान गेला म्हणून एका माणसाची बोटं गेली, त्याने कुठल्या तोंडाने सांगायचं की मला ऐकू येतं?

दर आठवड्याला मी सुताराकडे डबा घेऊन जायची. आता तो दुसऱ्याच्या कारखान्यात दारांना पॉलिश करायला जात होता. पटाशी धरायला डावा हात लागतो. घरी त्याची हत्यारं खोक्यात भरून ठेवलेली असायची. तो मला खुर्ची द्यायचा आणि माझ्या कानाशी वाकून मोठ्याने म्हणायचा, होतं असं कधीकधी, मनाला लावून घेऊ नका. मी मान हलवायची. परत येताना सगळ्या गल्लीला त्याची माफी ऐकू आलेली असायची.

दुकानात माझ्याकडे भंगार निवडायचं काम आलं. कुठला तुकडा भट्टीत जाईल, कुठला विकायचा, एवढं बघायचं. सात महिन्यांनी एका सकाळी ढीग तळापर्यंत उपसला तेव्हा हातात ते पातं आलं. तीन टिंबं, रेघ. टाकून देणार होते, पण सवयीने बोट तुटलेल्या जागेवरून फिरलं, आणि बोट थांबलं.

आमची पटाशी टोकापासून मुठीत जाणाऱ्या शेपटीपर्यंत एकाच तुकड्याची असते. कुठे जोड नाही. हिला जोड होता. काळ्या रंगाखाली वेल्डिंगची रेघ होती, मुंग्यांच्या रांगेसारखी, आणि ती उसवली होती. दादा वेल्डिंगची पटाशी कधी करत नव्हता. ही आमच्या ऐरणीवर कधी आलीच नव्हती. भेग वगैरे काही नव्हतं.

मी आत जाऊन फळीवरचा नवा माल काढला, ठसा मारून बाजारात जायला तयार असलेला. एकेक पटाशी दोऱ्याला टांगली आणि वाजवली. पहिली सातवर गेली. दुसरी तीनवर विझली. तिसरी विझली. चौथी विझली. मी रंग खरवडून बघितला. जी विझली तिला जोड, जी वाजली तिला नाही. बावीस पटाश्या होत्या आणि मी एकाही ठिकाणी चुकले नाही. तिथेच जमिनीवर बसून मी रडले, आधी आनंदाने. मग दुसरी गोष्ट लक्षात आली आणि रडं आपोआप थांबलं.

सुताराची पटाशी बाजारात गेली तेव्हा ठसा माझ्याकडे होता. माझ्या खणात, कुलपात. म्हणजे ठसे दोन होते.

दादा आला तेव्हा मी त्याच्यापुढे पातं धरलं. त्याने नाकारलं नाही, तेवढं खरं. स्टुलावर बसला आणि सांगितलं. त्याचा उजवा खांदा दोन वर्षांपूर्वीच कामातून गेला होता. दिवसाला दोन पटाश्यांच्या वर हात उचलत नव्हता. बाजारवाला डझनाने मागत होता. मग तो बाहेरून तयार माल आणायला लागला, आणि माझ्या हातून गेला तर मी तो परत करणार म्हणून त्याने आपल्यापुरता दुसरा ठसा घडवला. चांगला घडवला होता, मेल्याने. टिंबात टिंब.

"मला सांगायचं होतंस," मी म्हणाले. "मी घण उचलला असता. कुणाला तरी ठेवलं असतं. कमी माल केला असता."

"लोहाराचा खांदा गेला हे गावाला कळल्यावर दुकानात कोण येतं?"

"आणि माझा कान गेला हे कळलं तर चालतं?"

तो म्हणाला, "कान गेला असं मी कधी म्हणालो? तूच म्हणालीस."

खरंच होतं ते. तो कधीच म्हणाला नव्हता. भेग होती एवढं एकच वाक्य बोलून तो बाजूला झाला होता आणि पुढचं सगळं मीच केलं होतं. केसाने गळा कापतात म्हणतात तो असा. कापणाऱ्याच्या हाताला रक्तसुद्धा लागत नाही. खांदा त्याचा गेला आणि गाव सात महिने माझ्या कानात ओरडत राहिलं. वहिनीला माहीत होतं का, हे मी विचारलं नाही. ती दारात उभी होती आणि तिने मान खाली घातली, त्यात उत्तर आलं.

मी त्याला एकच गोष्ट मागितली. दुकान राहो नाहीतर जावो, बाजारवाल्याला काय सांगायचं ते तुझं तू बघ. पण सुतारासमोर खरं बोल. त्या माणसाला वाटतं त्याची बोटं माझ्यामुळे गेली. एवढा आळ माझ्यावरून काढ.

दादा लगेच हो म्हणाला. उद्या सकाळीच जाऊ म्हणाला. मी पातं पिशवीत घालायला लागले तर त्याने माझा हात धरला. "लोखंड कशाला साक्षीला? मी माझ्या तोंडाने सांगतो ना." आवाज भरून आला होता त्याचा. मला वाटलं, आपलेच दात, आपलेच ओठ. पुन्हा पुरावे दाखवून त्याला आणखी खाली कशाला बघायला लावू. पातं मी खणात ठेवलं.

सकाळी गेलो. सुताराने अंगणात खुर्च्या मांडल्या, मला मोठ्याने या बसा केलं. दादाने त्याच्या हाताची चौकशी केली, पाणी प्यायलं, भिंतीवरच्या नव्या रंगाची तारीफ केली. मी वाट बघत होते. शेवटी तो म्हणाला, "हिला तुमच्याशी काहीतरी बोलायचंय."

हे ठरलं नव्हतं. मी त्याच्याकडे बघितलं, तो जमिनीकडे बघत होता. ठीक आहे, म्हटलं, लाज वाटत असेल. सुरुवात मी करते. मी सांगितलं की ती पटाशी आमच्या भट्टीतली नव्हती, बाहेरची होती, तिला जोड होता, आणि ठसा दादाने मारला. माझा कान चांगला आहे. इतकं बोलून मी थांबले, म्हणजे आता दादाने हो म्हणायचं.

सुतार दादाकडे बघत होता. दादा खुर्चीवरून पुढे झुकला, सुताराच्या खांद्यावर हात ठेवला आणि आवाज खाली आणला. बहिऱ्या माणसाच्या देखत त्याच्याविषयी बोलताना आपण आणतो तेवढा खाली.

"फार मनाला लावून घेतलंय तिने," तो म्हणाला. "काहीबाही कारणं शोधत असते. तुम्ही नुसतं हो म्हणा, बरं वाटेल तिला."

त्या अंगणात मला ऐकू येतं हे पक्कं माहीत असलेला माणूस एकच होता. आणि त्याने आवाज खाली केला.

मला उठून त्याचा गळा धरावासा वाटला. पण तोंडातून एवढंच निघालं, "मला ऐकू येतं."

"हो हो, येतं ना!" सुतार माझ्या कानाशी वाकून म्हणाला, चांगल्या हाताने माझा हात थोपटत. "आणि तसंच झालं असणार, तुम्ही म्हणता तसंच!"

दुसऱ्या दिवशी मी एकटी गेले, पातं घेऊन. काही बोलले नाही, त्याच्यासमोर ठेवलं. जोड ओळखायला सुताराला कोण शिकवणार. त्याने ते उजव्या हातात फिरवलं, नखाने रंग काढला, उसवलेल्या रेघेवरून अंगठा नेला. बायकोला हाक मारून तिलाही दाखवलं. त्याची नजर डाव्या हाताच्या ताठ बोटांवर गेली. मग त्याने मान वर केली आणि अगदी साध्या आवाजात, सात महिन्यांत पहिल्यांदा, विचारलं, "म्हणजे काल तो माझ्या कानात जे बोलला, ते तुम्ही ऐकलंत?"

"शब्दन् शब्द."

त्याने डोळे मिटून घेतले. मला त्याची कीव आली आणि त्याला माझी. गावाला जे कळायचं ते सुतारानेच कळवलं. बाजारवाल्याने आमचा खण रिकामा केला. आता दुकानात दादा गजांची आणि फाटकांची किरकोळ कामं करतो, मी पुढच्या बाजूला बसून लोकांच्या हत्यारांना धार लावते. दोन्ही ठसे मी भट्टीत घालून पाणी केलं असतं, पण पोलाद तेवढ्या आचेला वितळत नाही. ठोकून सपाट केले. लोक माझ्याशी पुन्हा माणसांसारखं बोलतात. किराणावाला हातवारे विसरला. वहिनी तर इतकं हळू बोलते की कधीकधी खरंच ऐकू येत नाही.

दादा त्याच घरात, त्याच दुकानात आहे. कोळसा संपला म्हणतो, जेवायला चल म्हणतो. मी वळत नाही. परवा तो माझ्या मागे येऊन उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "छोटे, चुकलं माझं." मी सुरीला कानस लावत होते, तशीच लावत राहिले. तो जरा जोरात म्हणाला. रस्त्यावरच्या दोघांनी मागे वळून बघितलं. मग त्याने माझ्या कानाशी वाकून, ओरडून सांगितलं, आणि मी सुरी उलटी करून दुसरी बाजू घासायला घेतली.